साठ दिवस

श्रीलताचा फोन पहाटे साडेचारला आला,
तिकडे रात्रीचे अकरा.
नाना, आमच्या कंपनीचं लायसन सरकारनं काढून घेतलं,
दुसरं काम शोधायला साठ दिवस दिलेत.

मी भोंग्यावर वाढलेला माणूस.
दिवस मोजायचे ते पगाराचे,
बाळंतिणीचे, सुतकाचे.
साठ कशात बसवावेत कळेना.

लीड्समध्ये ती म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.
एक आजीबाई तिला आपली मेलेली बहीण समजतात,
रोज विचारतात, दार लावलंस का?
मागं तिनं टॉवेलचा फोटो पाठवला होता,
काठावरून मी ओळखला,
अक्कलकोट रोडचा माल.
त्याला कुणी अडवलं नव्हतं.

बातम्यांत तिथले मंत्री बोलत होते, खाली हिंदीत पट्टी:
दिवस कठीण आहेत, आधी आपली माणसं.
आवाज शांत, कॉलर कडक.
खरं सांगतो, राग आला नाही.
वाक्य ओळखीचं वाटलं.

सूत महागलं होतं त्या साली,
वीज वाढली, आठवड्याला तीनच दिवस माग.
कन्ना चौकात चहाच्या गाड्यावर
ओडिशाच्या पोरांचा विषय निघाला. सहा पोरं,
एका खोलीत, भात आणि बटाटा.
एकाचं नाव दुर्योधन. आम्ही फार हसायचो.
तुटलेला धागा जोडायला त्याच्यासारखी बोटं नव्हती कुणाची.

मालकाला अर्ज लिहिला,
'बाहेरच्यांना कमी करा'.
अर्ज मराठीत, आमचं आपसातलं बोलणं तेलुगूत.
तिसरी सही माझी.
माझा आजा करीमनगरहून दुष्काळात आलेला,
धोटा कमरेला खोचून,
साखर पेठेत त्याला एवढंच विचारलं होतं,
दिवसाला किती वार काढतोस?
सही करताना तो आठवला नाही.
आठवला असता तरी केली असती, बहुतेक.
घरी फी भरायची होती. श्रीलताचीच,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची.

दुपारी हिशेब झाला,
रात्रीच्या कोणार्कनं पोरं गेली.
दुर्योधनचा डबा खिडकीत राहिला,
बरेच दिवस आम्ही त्यात गाठीचं सूत टाकायचो.

नाना, ऐकतोयस ना?
हो म्हटलं. बोल.
आज कितवा दिवस?