सतरा पत्रे

लकडगंजातून आणले तेव्हा
छोट्या हत्तीत मी त्यांच्याशेजारीच बसले होते.
पारडी नाक्याच्या दर खड्ड्याला
सतराचे सतरा एकदम बोलायचे.
जस्ताची फुलं होती अंगभर,
आरसा फुटून पुन्हा सांधल्यासारखी.

गच्चीवर मेसचं स्वयंपाकघर व्हायचं होतं.
केवळराम म्हणाले, दिवाळी होऊ दे.
मग, अँगलचे भाव उतरू दे.
मग त्यांच्या भावाची सही.
मग काहीच म्हणाले नाहीत.

एक पत्रा गिऱ्हेपुंजेबाईंना उसना दिला, खुराड्यापुरता.
बाकीचे भिंतीशी रचले, एकावर एक,
निळी ताडपत्री टाकली,
पाय देऊन दोरी आवळली.
पावसाळ्यात रात्री उठून गाठी चाचपल्या.

पहाटे कणीक भिजवताना
ताडपत्रीवर दव दिसायचं.
मी म्हणायची, वरच आहे ना.
असे दोन हिवाळे.

इलियासभाई वेल्डिंगवाले आले, दोरी कापली.
पत्र्यापासून पत्रा निघेना.
निघाला, तर मध्ये पीठ.
मला खरंच पीठ वाटलं,
ज्वारीचं, जाडसर दळलेलं.
बोटाला लागलेलं जिभेवर नेता नेता थांबले.

"पांढरा गंज हाय हा," ते म्हणाले.
"इतकं घट्ट काहून बांधलं, बाई?
जस्ताले पाण्याचं भेव नाही.
पाऊस पडते, वारा येते, सुकते.
पण दोघाच्या मधात थेंब अडकला
अन् हवा नाही भेटली,
तं तो जस्तच खाते."

मी खाली खुराड्याकडे पाहिलं.
सतरावा पत्रा.
कोंबड्यांची घाण, दोन पावसाळे, मे महिन्याचं ऊन,
सगळं अंगावर घेऊन
मळका, राखाडी, धड.

तारेचा ब्रश, लिंबाचं पाणी.
दुपारभर घासलं.
पांढरं गेलं, खाली काळसर वळ राहिले
बोटांनी ओढल्यासारखे.
केवळराम जिन्यात उभे होते.
चालतील का, म्हणाले.
आठ चालतील.
तेवढीच खोली करू.

ते ब्रश उचलून वर आले.
कुठून घासायचं ते त्यांनी विचारलं नाही
आणि मी सांगितलं नाही.

उरलेले आठ आता तिरपे उभे आहेत,
मध्ये बांबूच्या कामट्या,
वर काही नाही.
रात्री वारा सुटला की खडखडतात.
झोप मोडते.
मोडू दे.