तिसरा हात

काउनासमध्ये रात्री सव्वाबाराला
शेवटची ट्रॉलीबस तारेवर ठिणगी टाकून गेली
आणि संगीतकाराचा निरोप आला:
अठ्ठ्याऐंशीनंतर दोन मापं वाढव. एवढंच.

एवढंच.
स्किर्मान्तेने कॉफीचा कप कीबोर्डपासून लांब सरकवला.
हातचे दोन धरले की सगळी बेरीज बदलते.
पडद्यावर पंचरेषा एकमेकींना कोपर मारत पुढे सरकल्या,
ओबोचा विराम छत्तीसचा अडतीस झाला:
एक जाड आडवी रेघ, वर आकडा,
म्हणजे इतका वेळ गप्प बस, पण मोजणं सोडू नकोस.
क्लॅरिनेटच्या कागदावर एक आणि हवेत दुसरंच,
हे खोटं सॉफ्टवेअर न चुकता सांभाळतं.
एक कमान मात्र बासूनच्या स्वराच्या डोक्यात रुतली होती.
ती तिने चिमटीत धरल्यासारखी उचलली,
केसभर वर ठेवली,
पुन्हा केसभर खाली.

मग व्हिओलाचा पार्ट. पान तीन.
उलटायची जागा आता
धावत्या स्वरांच्या ऐन मध्यात.

खणात मागच्या हंगामाचा परत आलेला पार्ट होता,
त्याच्या कोपऱ्यात गिंतौतासचं पेन्सिलीतलं अक्षर:
'इथे तिसरा हात हवा.'
तिसऱ्या स्टँडची आतली खुर्ची त्याची,
पानं उलटायची ती त्यानेच.
त्याची बोटं तारेवर अजून चालतात,
कागदावर चाचपडतात.

तिने पान आधीच तोडलं, चार मापांच्या विरामापाशी.
खाली अर्धा कागद कोरा.
प्रोग्रॅमने लाल खूण दाखवली: पान भरलेलं नाही.
राहू दे, ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली.

सकाळी दहाला कागद अजून कोमट होते.
ती मागे, डबल बासच्या खोक्यांशेजारी उभी राहिली.
चार मापं आली.
गिंतौतासने बो मांडीवर ठेवला, बोट ओलं केलं,
पान उलटलं,
चष्मासुद्धा सारखा करून घेतला,
आणि कुठेही न बघता वाजवू लागला.
कशाला बघेल?
वेळेवर उलटलेलं पान कुणाला ऐकू येतं?

मग दुसऱ्या हॉर्नने हात वर केला:
एकशे त्रेचाळीस, इथे शार्प आहे की नाही?

सगळे थांबले.
संचालकांनी वळून पाहिलं.

आहे, ती म्हणाली,
आणि पेन्सिल शोधायला
पर्स, कोट, खोक्यांचं झाकण, सगळं चाचपू लागली.
पेन्सिल तिच्या अंबाड्यात होती.