निव्वळ

रिपोर्ट आला तेव्हा वजनकाट्यावर ट्रक होता,
महाप्याहून आलेला, भंगाराने गच्च.
ड्रायव्हरला म्हटलं, "खाली उतर, मग घेतो,"
आणि खिशात फोन थरथरला.

चोवीस हजार तीनशे दहा. पावती फाडून दिली.
मग रबाळ्याच्या त्या उन्हात, केबिनच्या पंख्याखाली,
स्वतःची पावती उघडली.
सात पानं.

मढवीचं मधावी केलंय.
वय बरोबर, सत्तेचाळीस.
उपाशीपोटी: होय.
(हल्ली हे विचारायची गरज नसते.)

साखर आधी बघितली, चोरासारखी.
तीन महिन्यांची सरासरी, पाच पूर्णांक सहा.
बारा वर्षांत पहिल्यांदा त्या ओळीपुढे चांदणी नाही.
ऑपरेशनच्या आधी नऊच्या वर होती
आणि रात्रभर तळपायांत मुंग्यांचं वारूळ.
करुणाला फोन लावावा म्हटलं.
लावला नाही, कारण अंगठा
पुढच्या पानावर सरकला होता.

फेरिटिन: सहा.
मला हसू आलं.
समोर ट्रकात कापलेल्या सळ्या, गंजलेली ग्रिलं,
कुणाच्या तरी जिन्याचा अख्खा कठडा.
दिवसाला दोनशे टन लोखंड माझ्या बोटाखालून जातं
आणि माझ्यात सहा.
सहा काय, तर नॅनोग्रॅम. आमच्या काट्याला
दहा किलोच्या आतलं काही दिसतच नाही.

हे पक्कं माहीत आहे मला.
घरचा काटा एरर दाखवायचा तेव्हा
शेवटची गाडी गेल्यावर, दिवा मालवून,
मी याच लोखंडी पाटावर उभा राहायचो.
एकशे पन्नास.
कित्येक महिने एकशे पन्नास.
ऑपरेशननंतर एकशे चाळीस, गणपतीत एकशे दहा,
परवा ऐंशी.
दहा-दहाच्या पायऱ्यांनी उतरलो,
मधल्या पायऱ्या कुणी मोजल्या नाहीत.

बी बारा कमी. डी कमी. अल्ब्युमिन काठावर.
न्हाणीच्या जाळीवर रोज केसांचा गुंता,
करुणा काही न बोलता उचलते.
घणसोलीला आई म्हणते, "पार सुकलास रं बाला,"
आणि जवळ्याचं कालवण वाढते, मला झेपतं त्याच्या तिप्पट.
मी तीन घास खातो. उरलेल्या ताटाकडे
सोडलेल्या कंपनीच्या गेटाकडे बघावं तसा बघत बसतो.

एक मात्र आहे.
पूर्वी रक्त घ्यायला आलेली पोरं घामाघूम व्हायची.
शीरच सापडायची नाही; हा हात, तो हात, मग पंजा,
मग "सॉरी काका."
या खेपेला सकाळी साडेसहाला आलेली मुलगी
पट्टा बांधायच्या आधीच म्हणाली, "दिसली."
निळी, कोपरापासून मनगटापर्यंत,
सत्तेचाळीस वर्षं माझीच,
आणि मी प्रथमच बघत होतो.
सुई टोचली तेव्हा दुखलं नाही,
लाजल्यासारखं झालं.

आहाराच्या नफीसा मॅडमचा निरोप:
लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर,
मागेपुढे दोन तास चहा नाही.
टपरीवरचा पोरगा कटिंग घेऊन दारात उभाच.
त्याला नुसत्या हाताने परत पाठवलं.

ट्रक रिकामा होऊन आला.
भरलेल्यातून रिकामं वजा केलं की निव्वळ,
सतरा वर्षं हाच हिशोब.
माझ्यातून सत्तर किलो उतरले,
त्यातला माल कुठला आणि गाडी कुठली,
सात पानांत तशी ओळ नाही.

ड्रायव्हर काचेवर टकटक करतो.
"साहेब, उतरलो ना मी खाली. घ्या की काटा."
घेतो रे, मी म्हणतो.
थांब जरा,
आकडा हलतोय अजून.