खाच

व्हॅनमधून उतरलो तेव्हा उणे एकतीस होतं.
मेमरीच्या दोन पट्ट्या डेलच्या आत, छातीशी,
या दिवसांत माळावरून कोकरू आणतात तशा.
ओदोन्चिमेगने दार उघडलं, अंगरख्याचा फुगवटा पाहिला:
"काय, जुळी का?"

जनावरांची डॉक्टर ती, चार खोऱ्यांत मिळून एकटी.
संगणक रागाच्या भरात तिने
मांसाच्या कोठीत नेऊन ठेवला होता,
गोठलेल्या घोड्याच्या मांडीशेजारी.
आत आणला तर त्याला दरदरून घाम फुटला.
"आता दोन तास हात लावायचा नाही," मी म्हणालो.
"नुकत्या व्यालेल्या घोडीलाही नसतो लावायचा,"
म्हणत तिने मिठाचा चहा ओतला.

गवतावर बर्फाचं कवच धरतं,
जनावरं उभ्या उभ्या मरतात,
तसल्या हिवाळ्याला आमच्याकडे झुद म्हणतात.
मागच्या झुदची यादी होती त्या यंत्रात:
मालक, खूण, कानातल्या बिल्ल्याचा आकडा.
"सहाशेव्या ओळीपर्यंत उघडते," ती म्हणाली,
"मग पांढरी पडते."
"बर्फासारखी?"
"कागदासारखी. बर्फ काय असतो ते मला माहीत आहे."

घाम वाळला.
मी आधी तिच्या तपासणीच्या लोखंडी टेबलाला बोट लावलं.
टिचकन ठिणगी उडाली.
लोकरीतली वीज माणसाला नुसती चावते,
या पट्ट्यांचा जीव घेते.
खाचेच्या दोन्ही टोकांना पांढरे कान असतात,
ते बाहेर ओढले, जुनी पट्टी अलगद वर आली.
सोनेरी दात काळवंडलेले.
तिच्या मुलीच्या कंपासपेटीतून खोडरबर मागून घेतलं
आणि बसलो घासत.
मुलगी दारात उभी राहून म्हणाली,
"खोडलं तर विसरणार नाही का ते?"
मला उत्तर सुचलं नाही.

जुनी परत बसली. आता नवी.
नवी बसेना.
खाच होती, पण दोन मिलिमीटर सरकलेली.
बाजारात एकाच डब्यातून उचललेल्या दोघी,
एक निघाली दुसऱ्याच पिढीची.
एकशे चाळीस किलोमीटर आलो होतो,
अंगठ्याने जरा जोर दिला.
"दाबू नकोस," ती मागून म्हणाली,
"आडवं आलेलं पोर असंच दाबून मारतात लोक."
मी हात काढून घेतला.

दुसरी मात्र
कट्.
मग त्या टोकाला, कट्.
कान आपोआप मिटले.

यादी उघडली.
सहाशे. सहाशे एक. नऊशे.
ओदोन्चिमेग एकेक ओळ बोटाने खाली सरकवत होती,
पडद्यावर चहाचा ठसा उमटत होता.
एका ओळीवर बोट थांबलं.
"हा माझा भाऊ. दोनशे अकरा मेंढ्या.
आता शहरात सिमेंटची पोती उचलतो."
मग आणखी खाली.

पैसे मोजताना तिने विचारलं,
"म्हणजे यादी या पट्टीत राहणार?"
"नाही. वीज गेली की हिला काही आठवत नाही.
यादी आत चकतीवर असते."
"मग ही करते काय?"
"समोर धरून ठेवते. तुम्ही बघताय तोवर."
तिने दोन नोटा जास्त दिल्या, मी एक परत केली.
ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली,
चुलीत शेणी घालायचंही विसरली.
मुलीने घातल्या.

बाहेर ड्रायव्हर इंजिनाखाली गॅसची बत्ती धरून
तेल पातळ करत होता.
न जुळलेली पट्टी मी पुन्हा डेलच्या आत, छातीशी ठेवली.
आता पिशवीत टाकली असती तरी चाललं असतं.