दिवा क्रमांक सात, परत आल्यावर

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यामागे आमची खोली.
भिंती काळ्या, छत काळं, दाराची कडीसुद्धा.
बाहेर बेचाळीस अंश. आत एक दिवा,
जो आम्ही शक्यतो लावत नाही.

लावला की झिजतो.
म्हणून त्याची मिनिटं वहीत,
वाणी उधारी मांडतो तशी.

काल दिल्लीहून तो तपासून आणला.
कर्नाटक एक्स्प्रेस, एक रात्र आणि एक अख्खा दिवस,
खोकं मांडीवर.
दौंडनंतर समोरच्या बाईंनी विचारलं,
कुठल्या देवाची मूर्ती?
म्हटलं, दिवा आहे.
तरी त्यांनी हात जोडले.

दिल्लीचा दिवाही असाच कुणाच्या तरी मांडीवरून
समुद्रापार जातो.
तिथल्या काळ्या खोलीत त्याला मोजतात,
मग दुसऱ्या देशात, मग तिसऱ्या,
आणि घरी आला की पुन्हा पहिल्यापासून,
कारण वाटेत तो कुठे मंदावला
ते त्याला सांगता येत नाही.
प्रत्येक देश आपला आकडा लिहितो
आणि शेजारी, अधिक-उणे करून, आपली शंका.
शंकेवाचून आलेला आकडा कुणी धरत नाही.

मला हे फार आवडतं.
खरा उजेड कुणाच्याच कपाटात नाही.
सगळ्यांचे ठिपके एका रेघेच्या आसपास,
आणि रेघ त्या ठिपक्यांतूनच ओढलेली.

अप्पांना सांगितलं.
नरसय्या इराबत्ती, रंगाच्या हौदावर एकेचाळीस वर्षं.
(आडनावातच बत्ती, म्हणून ऑफिसात मला हसतात.)
सकाळी दहाला उत्तरेच्या खिडकीत उभे राहून
ओला धागा बोटाला गुंडाळायचे:
"मोरपिशी. अजून अर्धा डबा निळा."
तेव्हा मीटर नव्हता. अप्पा होते.
एकदा सातशे टॉवेल परत आले जर्मनीहून,
रंग जुळत नाही म्हणून.
अप्पा म्हणाले, त्यांचा उजेड वाईट.
मालक म्हणाला, तुझे डोळे.
त्या महिन्याचा पगार कापला गेला,
आईने विड्या वळून किराणा भरला.

मागच्या मंगळवारी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला.
पट्टी सुटली तसे खाटेवरच्या चादरीकडे बघत बसले.
उजवा झाकायचे. डावा झाकायचे.
परत उजवा.
"याला निळी दिसते. याला हिरवट."
मग तेलुगूत, स्वतःशीच, काहीतरी.
मग मला:
"शेवटची दहा वर्षं मी काय पास करत होतो गं?"

उत्तर नव्हतं.
रविवारी कारखाना बंद, त्यांना घेऊन गेले.
काळ्या खोलीत स्टुलावर बसवलं,
सात नंबर हळूहळू चढवला, घाई केली तर तार दुखावते,
आणि समोर धरला त्या परतलेल्या लॉटमधला एक टॉवेल,
आई इतकी वर्षं त्याने डबे पुसत आली होती.
अप्पांनी एकेक डोळा झाकून पाहिलं.
अंगठा आणि तर्जनीमध्ये अंतर धरून दाखवलं:
एवढा फरक.
जर्मनीवाल्यांचं बरोबर होतं का, ते बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

उठताना म्हणाले, डाव्याचं ऑपरेशन
दिवाळीनंतर बघू.
एक जुना असू दे, ताळा करायला.

दिवा उतरवला. वहीत चार मिनिटं मांडली.
कारणाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं,
मग लिहिलं: तुलना.