सात रात्रींचा चार्ट

यांनी कपाटातून जुना कंट्रोल चार्ट काढला,
कोरा, कडेने पिवळा पडलेला,
आणि गच्चीवर बिबड्यांच्या शेजारी पसरून
चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.
आडवे तास, उभी स्टेशनं.
जिथे चौतीस वर्षं जळगाव, पाचोरा, चाळीसगाव लिहिलं
तिथे रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान.
मिलानचा म यांनी मनमाडसारखाच काढला.

"सात रात्री, चार स्टेशनं. सहज बसतात."
बसतात हो.
मालगाड्यासुद्धा बसवायचात तुम्ही एकीच्या पाठीला एक
आणि रात्री दीडला घरी येऊन
कुठली कुठे अडकली ते सांगायचात.
मी भाकरी झाकलेली असायची
आणि एका न पाहिलेल्या गाडीच्या काळजीने
माझी झोप उडालेली.

रोम ते फ्लोरेन्स दीड तास.
हे तीनदा तपासतात.
"भुसावळ ते नाशिक एवढं अंतर, आणि दीड तास!
मध्ये कुणाकुणाला लूपला टाकत असतील?"
त्या टाकलेल्यांचं वाईट वाटून
थोडा वेळ पेन्सिल थांबते.
व्हेनिसला गाडी पाण्यावरून जाते म्हणे.
"तापीच्या पुलासारखी?"
"तापीला पलीकडे काठ असतो," मी म्हणते,
आणि म्हटल्यावर मलाच कसंतरी होतं.

पुण्याहून हर्षालीचा फोन:
रोमला तीन, फ्लोरेन्सला दोन, व्हेनिसला दोन.
मिलान सोडा काका, पुढच्या वेळी.
पुढच्या वेळी.
हे माझ्याकडे पाहतात, मी बिबडे उलटत राहते.
डावा गुडघा पायऱ्यांवर बोलतो हल्ली,
हे त्यांनाही ऐकू येतं.
रबराने मिलान पुसलं तरी
म थोडा दिसतोच.

खालून लीलाचंदभाऊंनी विचारलं, "कुठी चालला भो?"
"इटलीले."
"मंग चार दिवसाची भाकर घेऊन जा,
तिथी काय भेटते!"
त्यांचं ऐकून मी शेवेचा डबा यादीत लिहिला,
कळण्याचं पीठ खोडलं.
विमानात पिठाचं काय समजतील कोण जाणे.

व्हिसाच्या कागदांसाठी बँकेत गेले.
काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला,
"काकू, इटलीत कोण आहे तुमचं?"
"कोणी नाही."
बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत
ते दोन शब्द माझ्या तोंडात होते.
आजवर जिथे गेले
तिथे कुणाचं तरी लग्न होतं,
बाळंतपण होतं, दहावं होतं.
सुरत पाहिली ती नणंदेच्या ऑपरेशनमुळे,
दवाखान्याच्या खिडकीतून.
माझ्या हाताची वाट पाहणारं
तिथे एकही पातेलं नाही,
अशा गावाचं तिकीट
पहिल्यांदाच निघतंय.

संध्याकाळी चार्ट भरला होता.
सातही दिवस तिरक्या रेघा,
देवळं, म्युझियम, मनोरे, परत स्टेशन,
कुठे बोट ठेवायला जागा नाही.
मी पेन्सिल मागितली.
फ्लोरेन्स, चौथा दिवस,
दुपारी एक ते चार,
एक चौकोन काढून आतून रेघारेघा मारल्या.
"हे काय?"
"ब्लॉक."

हे दचकले.
रूळ दुरुस्तीला तीन तास मागणाऱ्या इंजिनिअरला
हे पावणेदोनवर आणून सोडायचे,
वर म्हणायचे, गाड्या काय डोक्यावर घेऊ?
"पावणेदोन देतो."
"तीन."
"काम काय काढलंयस?"
"काही नाही. बसायचंय. कुठेही, एखाद्या पायरीवर."

चष्मा काढून पुसला, परत घातला.
चौकोनाखाली वेळ लिहिली, एक ते चार,
आणि जुन्या सवयीने सही ठोकली.
मग जरा हळू विचारलं,
"तेवढ्या वेळात मी कुठे थांबू?"

"लूपला," मी म्हटलं,
"ती शेजारीच असते."

वारा सुटला तशी एक वाटी कलंडली,
कागदाचा मिलानकडचा कोपरा उडाला.
बिबडे मधोमध अजून ओलेच होते.