सेकंडचा माल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे.
टॉवेल ट्यूबलाइटखाली पसरायचा, हात फिरवायचा,
तुटका धागा, तेलाचा डाग, सुटलेला लूप
दिसला की खडूनं फुली.
फुलीचा माल सेकंड. किलोवर जातो.
अकरा वर्षांत माझी फुली चुकलेली नाही,
शेठ स्वतः म्हणतात.

घरी आल्यावरही हात थांबत नाही.

गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव मी नखानं खरवडते,
शेंगाचटणीच्या डब्यात ठेवते,
रिकाम्या डब्यात, चटणीत नाही, वेडी आहे का मी
(बघा, कसा आपोआप येतो तो शब्द).
औषध दाजी पेठेत घेत नाही,
सात रस्त्याला जाते, रिक्षाला वीस रुपये जास्त घालून.

मला कुणी काही म्हटलेलं नाही. खरंच.
नवरा नाही, सासू नाही, शेजारची राजमणी तर नाहीच.
कुणी म्हणायच्या आत मीच म्हणून घेते,
म्हणजे मग लागत नाही, असं वाटायचं.
लागतं.

जावेचं बाळ कडेवर द्यायला आली
तर म्हणाले, सर्दी झालीय मला.
भाचीच्या हळदीला भिंतीला टेकून उभी राहिले,
वाटी पुढे आली की मागं सरकायची.

सुपरवायझरची जागा निघाली. मी नको म्हणाले.
डॉक्टरबाईंनी विचारलं, का?
माझ्यासारखीला कुठं, म्हणाले.
तुमच्यासारखी म्हणजे कशी?
मला उत्तर आलं नाही,
मराठीत नाही, तेलुगूतही नाही.

मग त्या गुरुवारी सिव्हिलच्या बाकावर
आमचा इरेशम जॉबर बसलेला.
बीपीचं, तो म्हणाला.
माझंही बीपीचंच.
दारावर केवढ्या मोठ्या अक्षरांत पाटी,
दोघंही तिच्याकडे बघत बसलो.
मे महिना, पंखा गरमच वारा टाकत होता.
बऱ्याच वेळानं त्यानं फडक्यातली कडक भाकरी काढली,
मोडली. मोडताना आवाज झाला,
सगळ्या रांगेनं वळून पाहिलं,
आणि तो हसला की मी आधी, आठवत नाही.

कारखान्यात त्यानं ओळख दाखवली नाही, मीही नाही.
माग चालू असताना बोललेलं तसंही ऐकू येत नाही.

आज पाच सेकंड निघाले. फुल्या मारल्या, कामच आहे ते.
घरी तोंड पुसते तोही सेकंडच, लग्नाआधीपासूनचा.

नव्या पाकिटावरचं नाव अजून खरवडलेलं नाही.
रोज रात्री वाचते.
उच्चारायला अवघड आहे.